डाव्या खिडकीतली धौलाधार

पठाणकोट जंक्शनच्या नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या गाडीच्या, फलाटावर आल्यावर बाबा डब्यात जागा धरायला गेले नाहीत. ते थेट पुढे इंजिनापाशी गेले, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि इंजिनाच्या अंगावरची निर्मात्याची पाटी वाचू लागले. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांनी चौतीस वर्षे फिटर म्हणून काम केले आहे. उत्तरेकडच्या डोंगरी मार्गांसाठी परळमध्येही नॅरोगेज इंजिने बांधली गेली आहेत हे त्यांना ठाऊक होते, त्यामुळे घरापासून सुमारे अठराशे किलोमीटरवर आपल्या कारखान्याचे नाव भेटेल अशी आशा ते वांद्र्यापासून मनात बाळगून होते. पाटीवर नाव निघाले चित्तरंजनच्या कारखान्याचे. बाबांनी क्षणभर तिच्यावर हात ठेवला, खाली वाकून चाकांकडे आणि ब्रेकच्या दांड्यांकडे पाहिले, आणि "निगा चांगली राखली आहे हो," असे म्हणून ते डब्याकडे वळले.

ही मार्च २०१८ मधली गोष्ट. बाबांना बहात्तरावे लागले होते आणि हिमालय एकदा रेल्वेच्या खिडकीतून पाहायचा, एवढी एकच इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. घरातल्या सगळ्यांनी साहजिकच सिमल्याची गाडी सुचवली. कालका-सिमला मार्ग २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात आणि मुंबईहून जाणाऱ्याला तीच वाट ओळखीची वाटते. बाबांनी मात्र शांतपणे नकार दिला. त्यांचे म्हणणे असे, की त्या मार्गावर शंभरावर बोगदे आहेत. आयुष्यभर कर्जत-लोणावळा घाटातून जाता-येता आपण पाहत आलो, ऐन दरी उघडली की बोगदा येतो आणि डब्यात अंधार होतो. त्यापेक्षा हिमाचलातल्या कांगडा खोऱ्याची गाडी घेऊ, कारण पठाणकोट ते जोगिंदरनगर या १६४ किलोमीटरच्या मार्गावर बोगदे अवघे दोन आहेत.

बोगदे मोजून गाडी निवडणारा प्रवासी मी दुसरा पाहिलेला नाही. पण त्या एका आकड्यात या मार्गाचे सगळे मर्म आहे, हे मला खिडकीत बसल्यावर कळले. घाट चढणारी गाडी डोंगरात शिरते. कांगड्याची गाडी डोंगराच्या पायथ्याशी, त्याला समांतर, पूर्वेकडे चालत राहते. मार्ग आखणाऱ्यांनी प्रत्येक टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घातला, प्रत्येक ओढ्यावर पूल बांधला, आणि त्यामुळे बोगदे दोनच असले तरी लहानमोठे पूल मात्र साडेनऊशेहून अधिक आहेत. याचा परिणाम असा, की धौलाधारची हिमाच्छादित रांग एकदा दिसू लागली की ती तासन् तास तुमच्या सोबत राहते. धौलाधार म्हणजे आपलीच धवल धार. नाव ऐकल्यावर मराठी माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही.

मुंबईहून जाणे सोपे आहे. वांद्रे टर्मिनसहून जम्मूकडे जाणारी स्वराज एक्स्प्रेस आम्ही घेतली, बाबांचा निवृत्तांचा पास होताच, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पठाणकोट कॅन्टोन्मेंटला उतरलो. या स्टेशनचे जुने नाव चक्की बँक. चक्की ही जवळून वाहणारी नदी. नॅरोगेजची गाडी तिथून सुटत नव्हती, तिच्यासाठी गावातल्या पठाणकोट जंक्शनला जावे लागे, म्हणून रात्र तिथल्याच एका साध्या लॉजमध्ये काढून सकाळी आम्ही फलाटावर हजर झालो. आरक्षण नव्हते. बैजनाथ पपरोल्यापर्यंतचे माझे तिकीट पन्नास रुपयांच्या आतले होते.

गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात चक्कीचा पूल आला. पात्र प्रचंड रुंद, आणि त्यात मार्च महिन्यात पाणी जेमतेम दोन-तीन धारांचे. बाकी सगळा गोट्यांचा पसारा. दगडी खांबांवरून आमची गाडी चालण्याच्या वेगाने पलीकडे गेली. पलीकडे हिमाचल प्रदेश सुरू होतो. बाबांनी मान बाहेर न काढता, तिरके बसून, मागे जाणारे खांब पाहिले. पूल १९२८ मध्ये बांधलेला होता.

या मार्गाची जन्मकथा बाबांनी मला त्याच वेळी सांगितली, आणि नंतर मी ती वाचून पडताळली. १९२० च्या दशकात पंजाब सरकारचे मुख्य अभियंता कर्नल बॅटी यांनी मंडी संस्थानातल्या उहल नदीचे पाणी डोंगरापलीकडे आणून त्यावर वीजनिर्मिती करण्याची योजना मांडली. वीजघराची जागा ठरली सुक्राहट्टी नावाच्या गावाजवळ. मंडीचे राजे जोगिंदर सेन यांच्या नावावरून त्या गावाचे पुढे जोगिंदरनगर झाले. तिथवर अवजड यंत्रे नेण्यासाठी ही रेल्वे घालण्यात आली आणि १ एप्रिल १९२९ पासून ती प्रवाशांसाठी खुली झाली. म्हणजे कुणा साहेबाला उन्हाळ्यात थंड हवेच्या गावी पोचवण्यासाठी हा मार्ग जन्माला आलेला नाही. तो टर्बाइन वाहून नेण्यासाठी आला आणि नंतर खोऱ्यातल्या लोकांनी त्याला आपला करून घेतला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आजही डब्यात बसल्यावर तिचा प्रत्यय येतो.

डबा अरुंद होता. समोरासमोरच्या बाकांवरच्या माणसांचे गुडघे एकमेकांना लागत होते. नूरपूर रोडला कॉलेजची मुले चढली, पुढच्या लहान स्टेशनांवर दुधाच्या बरण्या आल्या, एका माणसाने गव्हाच्या पिठाची गोणी दारात ठेवली आणि तिच्यावर पाय टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला हात देत तो तिथेच उभा राहिला. गाडी थांबायची त्यातली कित्येक स्टेशने म्हणजे एक खोली, एक हातपंप आणि एक पिंपळ. आमच्याखेरीज पर्यटक म्हणावे असे त्या डब्यात कुणी नव्हते. ज्यांनी उपनगरी गाडीत आयुष्य घालवले आहे त्यांना ही गर्दी परकी वाटत नाही: कोण कुठे उतरणार हे सगळ्यांना माहीत असते आणि त्याप्रमाणे जागा आधीच बोलून ठेवलेली असते.

जवांवाला शहरच्या पुढे रूळ जुन्या वाटेवरून जात नाहीत. बियास नदीवर पोंग धरण झाले तेव्हा मूळ मार्गाचा काही भाग पाण्याखाली गेला. १९७३ मध्ये तो बंद झाला आणि नव्या आखणीचा मार्ग १९७६ मध्ये सुरू झाला. या पट्ट्यात टेकड्या बोडक्या आणि लालसर आहेत, आणि आम्ही गेलो तेव्हा त्यांच्यावर काटेसावर फुलली होती. पान एकही नाही आणि सगळे झाड लाल. फाल्गुनात सह्याद्रीतही ती अशीच दिसते, त्यामुळे क्षणभर आपण कसाऱ्याच्या आसपास आहोत की काय असे वाटले.

मग गुलेर आले. स्टेशन इतके लहान आहे की डोळे मिटले असते तर निसटले असते. पण मी त्या नावाची सकाळपासून वाट पाहत होते. अठराव्या शतकात पंडित सेऊ आणि त्यांचे दोन मुलगे, मानकू आणि नैनसुख, या घराण्याने इथे जी चित्रे काढली त्यांनी पहाडी चित्रशैलीला वळण दिले, आणि पुढे ज्याला आपण कांगडा शैली म्हणतो तिची पायवाट या गुलेरमधून निघाली. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पहाडी चित्रे पाहताना मला नेहमी वाटे, की त्यातल्या त्या एकामागे एक सरकत जाणाऱ्या गोलसर हिरव्या टेकड्या, त्यांच्यावर मोजकी झाडे आणि तळाशी वाकडा ओहोळ ही चित्रकाराची कल्पना आहे. गुलेर सोडल्यावर खिडकीबाहेर हुबेहूब तशाच टेकड्या होत्या. चित्रकाराने घराच्या ओटीवरून दिसले तेच काढले होते.

ज्वालामुखी रोडला समोरून येणाऱ्या गाडीसाठी आम्ही बराच वेळ थांबलो. पुढे कोपरलाहड सोडून बाणगंगेच्या घळीच्या कडेने गाडी वळसे घेऊ लागली, पलीकडच्या कड्यावर कांगड्याचा किल्ला दिसला, आणि डब्यातल्या सगळ्यांचे बोलणे सुरूच असताना आम्ही दोघे गप्प झालो. १००९ मध्ये गझनीच्या महमुदाने लुटलेला, १६२० मध्ये जहांगीराच्या सैन्याने घेतलेला, आणि शेवटी ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने मोडून टाकलेला हा किल्ला आहे. त्या भूकंपात कांगड्याच्या परिसरात सुमारे वीस हजार माणसे गेली. किल्ले पाहण्याची सवय असलेल्या मराठी डोळ्याला त्याची तटबंदी वाचता येते. दोन नद्यांच्या बेचक्यात तीन बाजूंनी तुटलेला कडा, हे स्थळ निवडणाऱ्याला डोंगर कळत होता.

पण आम्ही गप्प झालो ते किल्ल्यामुळे नव्हे. किल्ल्याच्या मागे, जिथे आकाश असायला हवे तिथे, बर्फ होते. आधी मला तो ढग वाटला. मग गाडी एका वळणातून बाहेर आली, टेकडी बाजूला सरली आणि धौलाधार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसली. हिमालयाच्या इतर भागांत मोठी शिखरे दिसण्यासाठी आधी पुष्कळ चढावे लागते, मधल्या रांगा ओलांडाव्या लागतात. इथे मधली रांगच नाही. भाताची खाचरे आणि गव्हाची शेते संपतात, त्यांच्यामागे देवदारांचा काळसर पट्टा असतो, आणि तिथून डोंगर एकदम साडेचार हजार मीटरांहून वर जातो. बाबा बराच वेळ पाहत होते. मग ते एवढेच म्हणाले, "बोगदा नाही आला बघ."

नगरोट्यापासून पालमपूरपर्यंतचा पट्टा या मार्गावरचा सर्वांत सुंदर आहे असे माझे मत झाले. शेते पायऱ्यापायऱ्यांची, गहू गुडघाभर हिरवा, मधूनमधून मोहरीचे पिवळे वाफे, आणि घरांवर पाटीच्या दगडाची छपरे. आम्ही शाळेत ज्या दगडी पाट्यांवर मुळाक्षरे गिरवली त्याच जातीच्या दगडाचे मोठे तुकडे कौलांसारखे एकावर एक रचलेले असतात, आणि दुपारच्या उन्हात ते छप्पर राखाडी न दिसता चांदीसारखे चमकते. रुळांच्या अगदी लगत पाण्याचे पाट वाहत होते. त्यांना तिथे कूहल म्हणतात. धौलाधारच्या ओढ्यांचे पाणी दगड-मातीचा बांध घालून वळवायचे आणि उतार राखत गावोगावच्या शेतांत फिरवायचे, ही तिथली शतकानुशतकांची रीत आहे, आणि पाणीवाटप पाहणाऱ्या माणसाला कोहली म्हणतात. आमचे आजोळ गुहागरकडे आहे. पोफळीच्या बागेतला पाट ज्याने पाहिला आहे त्याला कूहल म्हणजे काय हे एका नजरेत कळते.

ही माहिती मला दिली ती नगरोट्याला चढलेल्या एका आजींनी. त्यांच्या मांडीवर ओढणीत बांधलेले एक गाठोडे होते. माझी नजर तिकडे गेलेली पाहून त्यांनी गाठ सोडून दाखवली: आत कचनारच्या कळ्या होत्या, म्हणजे आपल्या कांचनच्या, आपट्याच्या कुळातल्या त्या झाडाच्या. कळ्या बोराएवढ्या, टोकाशी किंचित जांभळट, देठाशी अजून ओलसर. लेकीकडे पालमपूरला चालल्या होत्या. "बेटा, उमलण्याआधी तोडायची, उमलली की कडू होते," असे सांगून त्यांनी कळ्या उकडून, पाणी पिळून, दह्यात कालवण्याची कृती मला सविस्तर सांगितली, आणि बाबांना "बाऊजी, तुमच्या मुंबईत कचनार असतो का?" असे विचारले. बाबा म्हणाले, आमच्या क्वार्टर्सच्या आवारात होता, पण त्याची भाजी होते हे आम्हाला कुणी सांगितलेच नाही. उतरताना त्यांनी मूठभर कळ्या माझ्या रुमालात बांधून दिल्या. पपरोल्याच्या खाणावळीवाल्याने त्या रात्री आमच्यासाठी त्या परतून दिल्या, जिरे आणि हिरवी मिरची घालून. चव किंचित तुरट, शेवग्याच्या फुलांच्या भाजीच्या जवळची.

पालमपूरच्या चहाबद्दल पुष्कळ लिहिले जाते, म्हणून इथे थोडक्यात सांगते. १८४९ च्या सुमारास डॉ. जेम्सन यांनी या खोऱ्यात चहाची लागवड करून पाहिली, ती रुजली, भूकंपाने तिचे कंबरडे मोडले आणि तरीही मळे टिकले. २००५ मध्ये कांगडा चहाला भौगोलिक मानांकन मिळाले. गाडीतून मळे तुकड्यातुकड्यांनी दिसतात. चहा दूध न घालता प्यावा.

पपरोल्याला मुक्काम करण्याचे कारण बैजनाथचे मंदिर. १२०४ साली आहुक आणि मन्युक या दोन व्यापारी भावांनी ते बांधले असे तिथल्या शिलालेखांत आहे. देव वैद्यनाथ, म्हणजे परळीचा जो तोच हा, या नात्याने बाबांनी गाभाऱ्यात बराच वेळ हात जोडले. रावणाने इथे शिवाची आराधना केली या श्रद्धेपोटी बैजनाथमध्ये दसऱ्याला रावण जाळत नाहीत, हे पुजाऱ्यांनी सांगितले. मंदिराच्या आवारातून मागे वळून पाहिले तर शिखराच्या बाजूला धौलाधार उभी असते. संध्याकाळी बर्फ आधी पिवळे, मग गुलाबी, मग एकदम राखाडी झाले.

दुसऱ्या दिवशीचा प्रवास लहान, पण बाबांच्या दृष्टीने तोच खरा होता. पपरोल्यापासून पुढे जोगिंदरनगरपर्यंत जेमतेम बावीस किलोमीटर उरतात, आणि या टप्प्यात चढ पंचवीसाला एक इतका होतो, म्हणजे पंचवीस मीटर पुढे गेले की गाडी एक मीटर वर चढते. आपल्या बोरघाटाचा चढ सदतिसाला एक आहे आणि तिथे कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडावी लागतात, हे मुंबई-पुणे करणारा प्रत्येक जण जाणतो. इथे तर त्याहून तीव्र चढ, आणि पुढे एकच लहान इंजिन. बाबा दारापाशी उभे राहून आवाज ऐकत होते. इंजिनाचा सूर कुठे खाली येतो, कुठे चाके घसरतील असे वाटते आणि घसरत नाहीत, चालक कुठे जोर देतो, हे ते मला बोटाने खुणावत होते. मी इतकी वर्षे त्यांची मुलगी आहे, पण त्यांचे काम त्यांनी मला कधी असे ऐकवले नव्हते. अहजू हे मार्गावरचे सर्वांत उंच स्टेशन. तिथे गाडी थांबल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला, जणू चढ त्यांनीच चढला होता.

या शेवटच्या टप्प्याने एक मरण पाहिलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची गरज म्हणून १९४२ मध्ये नगरोटा ते जोगिंदरनगर हे रूळच उखडून नेले गेले. खोऱ्याचा पूर्वेकडचा भाग बारा वर्षे रेल्वेविना राहिला आणि १९५४ मध्ये रूळ पुन्हा घातले गेले.

जोगिंदरनगरला रूळ संपतात. स्टेशनवरून वर पाहिले की डोंगराच्या अंगावर शानन वीजघराचे पाइप खाली उतरताना दिसतात. १९३३ मध्ये ते सुरू झाले, तेव्हा प्रत्येकी बारा मेगावॅटचे चार संच होते. पाइपांच्या बाजूने, उहलवरचे धरण जिथे आहे त्या बरोटच्या दिशेला, दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलीचा मार्ग गेला आहे. धरणाचे सामान त्यावरूनच वर चढवले गेले. बाबांना खोपोली आठवली. १९१५ मध्ये टाटांचे वीजघर तिथे सुरू झाले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, परळ-लालबागला त्या काळी जे काही फिरत होते त्यातले बरेचसे खोपोलीच्या पाण्यावर फिरत होते. घाटातून उतरताना ते पाइप बाबांनी मला लहानपणी दाखवले होते. तेच पाइप, तोच हिशेब, फक्त मागे बर्फ, असे ते म्हणाले.

कुणी जाणार असेल तर दोन गोष्टी सांगते. पठाणकोटच्या बाजूने येताना डाव्या हाताची खिडकी धरावी, कारण धौलाधार उत्तरेला आहे आणि ती दिवसभर त्याच बाजूला राहते. आणि पावसाळा टाळावा. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च या महिन्यांत हवा स्वच्छ असते, तर पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि गाड्या बंद ठेवाव्या लागतात.

२० ऑगस्ट २०२२ रोजी चक्की नदीला पूर आला आणि आम्ही ज्याच्यावरून गेलो होतो तो पूल कोसळला. खांब पाण्यात आडवे होतानाची चित्रफीत दुपारपर्यंत सगळ्यांच्या फोनवर आली होती. नदीतून वर्षानुवर्षे झालेल्या वाळू-खडीच्या उपशाने खांबांचे पाय उघडे पडले होते, असे तिथले लोक सांगत होते आणि वर्तमानपत्रे लिहीत होती. पठाणकोट आणि खोरे यांच्यातला रुळांचा धागा त्या दिवशी तुटला.

बाबांनी ती चित्रफीत तीन वेळा पाहिली. मला वाटले ते पुलाबद्दल काही बोलतील. फोन खाली ठेवून ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मग म्हणाले, "नॅरोगेजचे शेड पठाणकोटला आहे. जी इंजिने पलीकडे अडकली असतील, त्यांची निगा आता कोण राखणार?"